जलदान कोणाच्या घरी?

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. हुडकेश्वरच्या आमच्या घरात पुढची खोली छापखान्याची होती आणि मागच्या दोन खोल्या आमच्या, पण ही वाटणी नावापुरती होती, कारण छापखाना पुढच्या खोलीत कधी मावलाच नाही. पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत, गव्हाच्या कोठीवर असत, न्हाणीच्या बाहेर विटांवर असत. कणकेच्या डब्याच्या तळाशी ‘तेरवी कोणासाठी?’ अंथरलेले असे, आणि चौथीत माझ्या गणिताच्या पुस्तकाला जे कव्हर होते त्याच्या आतल्या बाजूला ‘हुंडा घेणाऱ्याच्या दारी पाणी पिऊ नका’ असे जाड टाइपात होते. माझ्या वर्गातल्या मुलींना त्यांच्या घरी चंपक मिळायचे, मला हे. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, दिवसभर दुकानांची बिलबुके आणि लग्नपत्रिका छापायचे आणि संध्याकाळी त्याच मशीनवर स्वतःची पत्रके काढायचे. सगळे नागपूर ऑफसेटवर गेले तरी त्यांनी ते जुने ट्रेडल मशीन सोडले नाही. खटाक, आणि मागून जेवण झालेल्या माणसाने सोडावा तसा सुस्कारा. त्या आवाजात मी अभ्यास केला, झोपले, तापाने फणफणले. मशीन बंद झाले की मला जाग यायची.

पप्पा कळमेश्वरच्या कारखान्यात पाळीवर होते आणि आई त्यांच्याबरोबर तिथेच. चांगल्या शाळेसाठी मला मोठ्या बाबांकडे ठेवले ते ठेवलेच. मोठे बाबा आणि मोठी आई यांना मूलबाळ नव्हते. हे वाक्य लोक जसे हळू आवाजात म्हणतात तसे आमच्या घरात कोणी म्हटले नाही. मोठी आई बोलायचीच कमी. तिचा दिवस कापणे, घडी घालणे आणि गठ्ठे बांधणे यात जायचा, आणि त्याच हातांनी ती भाकरी थापायची, म्हणून आमच्या भाकरीला कधीकधी शाईचा वास यायचा. पण घराचा विषय निघाला की तिला कंठ फुटायचा. हुडकेश्वर तेव्हा शेतच होते, ती सांगायची. रस्ता नव्हता, नळ नव्हता. भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा तिने लांबच्या विहिरीवरून पाणी आणून त्यांच्यावर मारले होते. “तुह्या मोठ्या बाबानं नुसते पत्रकं वाटले,” ती म्हणायची, “ह्या भिंतीयले मी पाजलं.” मोठे बाबा यावर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी ‘स्त्रीचा घरावर हक्क’ या विषयावर पत्रक काढायचे. तिला विचारून नाही, पण काढायचे.

ते गेले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्याइतके बरोबर जगात कोणी नाही अशी माझी खात्री होती. (ती खात्री आता थोडी कमी झाली आहे, असे माझे मित्र सांगतात. मला तसे वाटत नाही.) एप्रिलची सकाळ होती. मशीनपाशी खुर्चीत बसून त्यांनी बशीत चहा ओतला, आणि तो तसाच राहिला. मोठी आई तिथे गेली, तिने बशी उचलून बाजूला ठेवली, त्यांच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, “विशू, पप्पाले फोन कर. अन् सुधाकरले बी.”

सुधाकरकाका म्हणजे तिन्ही भावांमधले धाकटे. उत्तर नागपुरात त्यांचे तीन मजली घर, खाली मोठा हॉल, आणि हॉलमध्ये वर्षभर कोणती ना कोणती सभा. काका वाईट माणूस नव्हते. मला हे मुद्दाम लिहायचे आहे, कारण वाईट माणसाशी भांडणे सोपे असते. काका सगळ्यांच्या अडीअडचणीला धावायचे, फक्त धावताना बोलायचे. माईक दिसला की त्यांचा घसा आपोआप साफ व्हायचा. त्या दिवशी ते आले ते शववाहिका सांगून, काचेची थंड शवपेटी सांगून, भन्तेजींना निरोप देऊन आणि खांद्याला अडकवायचा एक स्पीकर घेऊन. घाटावर शोकसभा होणार होती. आमच्यात ती असतेच. चिता रचून होते, आणि ती पेटवण्याआधी लोक उन्हात उभे राहून दिवंगताच्या कार्यावर बोलतात. बोलणाऱ्यांची नावे चिठ्ठ्यांवर येतात, चिठ्ठ्यांवरून रुसवेफुगवे होतात, आणि मेलेला माणूस या सगळ्याला आडवा पडून सहन करतो. मोठ्या बाबांनी याच्यावरही पत्रक काढले होते. ‘घाटावर भाषण करणाऱ्यांना नम्र विनंती’ असे त्याचे नाव होते आणि विनंती एकच होती, की करू नका. त्याचा गठ्ठा ओसरीवरच पडला होता. आत्या त्यातलेच एक घेऊन वारा घेत बसली होती.

आत्या गावाहून आली तशी मोठ्या आईच्या गळ्यात पडली, सुरात रडली, आणि रडता रडताच तिचा हात मोठ्या आईच्या बांगड्यांकडे गेला. मी धावत जाणार होते. माझ्याकडे या विषयावर बोलायला भरपूर होते, छापील होते. पण मोठी आई शांतपणे म्हणाली, “राहू दे वं. काचेच्या नाहीत त्या. फुटणार नाहीत.” आत्याने बांगडी वाकवून पाहिली, खरे निघाले, आणि ती पुन्हा रडायला लागली.

शेजाऱ्यांनी पोहे पाठवले. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आळीतल्या बाया पातेल्यातून पोहे आणि कॅनमधून चहा आणत होत्या. मंडपाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून लोक खात होते. “बम चांगला माणूस होता,” एक पाहुणा म्हणाला, मग पोह्यांकडे बघून, “तर्री नाही का हो?” बायकोने त्याला कोपर मारले. त्याने खाली मान घालून रश्श्याशिवाय तसेच कोरडे पोहे खाल्ले, आणि मला वाटते त्या सगळ्या घोळक्यात खरे दुःख त्याच्याच तोंडावर दिसत होते.

एव्हाना मयत उचलायला हरकत नव्हती. आत्या आली होती, पप्पा आले होते, भन्तेजींनी त्रिशरण पंचशील दिले होते. पण आम्ही थांबलो होतो, कारण काटोलचे भाऊ यायचे होते. हे भाऊ म्हणजे काकांच्या संघटनेचे मोठे पुढारी. आमच्या भागात कोणी, काकांनीही, त्यांना प्रत्यक्ष पाहिले नव्हते. पाहिले होते ते बॅनरवर, काळा गॉगल लावून, आभाळाकडे बोट करून. भाऊ निघाले, भाऊ वाटेत आहेत, भाऊंना एका ठिकाणी लग्नात थांबवले, असे निरोप येत राहिले. दुपार झाली. मी मोठ्या बाबांजवळ गेले तर पेटीच्या काचेवर आतून पाणी जमले होते आणि त्यामागे त्यांचा चेहरा घामेजल्यासारखा दिसत होता. मी भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिले. शवपेटीचा प्लग काढून तिथे दुसराच लावला होता. वायर धरून मी मागे गेले तर दुसऱ्या टोकाला काकांचा स्पीकर चार्ज होत होता.

“काका!” मी ओरडले. “तुम्ही मोठ्या बाबांचा प्लग काढला!”

“अवं, थोड्या वेळासाठी,” काका म्हणाले. “घाटावर लाइट नाही, बॅटरी संपली तर भाऊ बोलतील कसे?”

“ते वितळून राहिले तिकडे!”

“ओरडू नको, पाहुणे ऐकून राहिले. माणूस गेला की फक्त विचार राहतात, तुले माहीत नाही का? तूच लिहिते ना कॉलेजच्या अंकात?”

मी प्लग बदलला. त्यांनी तो पुन्हा बदलला. शेवटी पप्पांनी शेजारून एक्स्टेंशन बोर्ड आणला आणि थोरल्या भावाची थंडी आणि धाकट्या भावाचा आवाज, दोन्ही एकाच बोर्डावर लावले. पप्पांनी आयुष्यभर हेच केले.

भाऊंची वाट बघता बघता काका मंडपात बसून बोलू लागले आणि मी कान दिला. दादांचे कार्य मोठे, म्हणाले. त्याचे उचित स्मारक व्हायला हवे. या घरातच स्मृती वाचनालय करू. पुढच्या खोलीतले मशीन काचेच्या आड ठेवू, मागच्या दोन खोल्यांत रॅक. वहिनी एकट्या कशा राहतील? त्या आमच्याकडे राहतील, हॉलमध्ये दिवाण आहे, पंखा आहे. आणि जलदान विधीही आमच्या हॉलमध्येच, इथे एवढे लोक मावायचे नाहीत. मयतीनंतर काही दिवसांनी आमच्यात जलदान असते. भन्तेजी येतात, घरचे लोक भांड्यातले पाणी वाटीत ओततात, ती भरून वाहू लागेपर्यंत, मग जेवण. ते कुठे होणार हे घाटावर माईकवरून सांगतात. आणि आमच्या समाजात कुठेही लिहिलेली नसलेली एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: जलदान ज्याच्या घरी, मागे राहिलेली बाई त्याच्या घरची. एकदा माईकवरून सांगितले की ते सांगितले. नंतर कोणी विचारत नाही. तिचे सामान उचलायला टेम्पो येतो आणि सगळे म्हणतात, चांगले झाले, बाईची सोय झाली.

सगळ्यात चीड याची की बोलायला जागा नव्हती. काका घर विकून खाणार असते तर मी मंडप डोक्यावर घेतला असता. पण वाचनालय! वाचनालयाच्या विरोधात कोण बोलणार? आमच्या वस्तीत वाचनालय हवे म्हणून मी स्वतःच दोन वेळा पत्रक लिहिले होते. माझाच शब्द घेऊन कोणी माझ्या माणसाला घराबाहेर काढत आहे, आणि तो शब्द चुकीचा नाही, ही गोष्ट मला तेव्हा सहन झाली नाही. आजही होत नाही. तेव्हापासून मला कुठलेही स्मारक दिसले की पहिला प्रश्न पडतो, इथे आधी कोण राहत होते?

मी स्वयंपाकघरात गेले. मोठी आई ओट्याला टेकून उभी होती. तिला सगळे ऐकू गेले होते; त्या घराच्या भिंती पातळच होत्या.

“मोठी आई, तुला जायचं आहे का काकांकडे?”

“नाही.”

“मग सांग ना त्यांना.”

“सांगितलं मी सकाळीच. तो म्हणे, वहिनी, तुम्ही आता काही विचार करू नका.” तिने पाण्याचा घोट घेतला. “मी दिवाणावर झोपू काय वं? सभेतले लोक आले की उठू, गेले की झोपू?”

“घाटावर तू बोलशील? माईकवर?”

तिने पेला ओट्यावर ठेवला. “ते जलदानाचं सांगायच्या आधी मले माईक देजो,” ती म्हणाली. “मंग पाहतो मी.” तिच्या माहेरच्या बाया ‘पाहते’ म्हणत नाहीत, ‘पाहतो’ म्हणतात. चिडली की ती माहेरचे बोलायची.

भाऊ थेट घाटावर येतात असा निरोप आला आणि आम्ही निघालो. मानेवाडा घाटावर त्या दिवशी आणखी एक मयत होती. पलीकडच्या ओट्यावर त्यांचे लाकूड रचणे चालू होते आणि मोजकी माणसे लिंबाच्या सावलीत बसली होती. आमच्याकडे मात्र गर्दी. बाया आल्या होत्या, मीच भांडून आणल्या होत्या. चिता रचून झाली, मोठ्या बाबांना वर ठेवले, आणि मेश्राम सरांनी स्पीकर गळ्यात अडकवला. मेश्राम सर निवृत्त शिक्षक. आमच्या भागातल्या यच्चयावत शोकसभांचे संचालन तेच करतात, आणि त्यांच्या आवाजात एक कायमचा ओलावा आहे, जो लग्नाच्या वाढदिवसालाही जात नाही.

मी चिठ्ठी पाठवली: ‘दिवंगतांच्या पत्नी बोलणार आहेत.’ काकांनी ती सरांच्या हातातून घेतली, वाचली आणि खिशात ठेवली. पहिले वक्ते बोलले, दिवंगतांनी त्यांना कसे घडवले आणि मग ते स्वतः कुठवर पोचले. दुसरे बोलले, आंदोलनात पोलिसांनी त्यांना कसे पकडले. मोठे बाबा त्यात कुठेच नव्हते. मी दुसरी चिठ्ठी पाठवली. तीही खिशात. तिसरे वक्ते काकांच्या संघटनेतून फुटून निघालेल्या गटाचे होते. ते फक्त एवढेच बोलले की दिवंगत शेवटी आमच्या गटात येणार होते, आणि बाजूला झाले, आणि मागे दोन्ही गटांत हळू आवाजात पण मनापासून भांडण लागले. बाकी प्रत्येकाने, महिला मंडळाच्या अध्यक्षांनीही, शेवटी उचित स्मारकाची मागणी केली. मी मेश्राम सरांजवळ जाऊन उभी राहिले.

“सर, मोठ्या आईला बोलायचं आहे.”

“बेटा, महिलांतर्फे श्रद्धांजली झाली ना.”

“ती महिला मंडळाची अध्यक्ष होती. ही बायको आहे.”

“कार्यक्रम क्रमानं चालू द्या,” सर ओलसर आवाजात म्हणाले. “आता भाऊ. मग जलदानाची सूचना. मग अग्नी.”

उन्हाने टाळू तापली होती. मोठी आई चितेजवळ पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तेवढ्यात गर्दीच्या कडेला पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि काळा गॉगल घातलेला एक जाडसर माणूस दिसला. तो हात मागे बांधून भाषणे ऐकत होता. मेश्राम सरांचे डोळे चमकले. “आपल्या व्यग्र कार्यक्रमातून वेळ काढून, थेट काटोलहून आलेले आपले लाडके भाऊ आपल्यात उपस्थित आहेत!” गर्दी दुभंगली. दोघांनी त्या माणसाला हाताला धरून पुढे आणले. काका छत्री घेऊन धावले आणि त्याच्या डोक्यावर धरून उभे राहिले. सरांनी त्याच्या हातात माईक दिला.

त्याने माईक वरखाली करून पाहिला. मग त्याने गॉगल काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि घसा खाकरला.

“आता मी काय बोलू जी,” तो म्हणाला. “माणूस चांगलाच असन. एवढे लोक जमले म्हणजे चांगलाच असन. आमच्याकडं तर खांदा बदलायले माणूस नव्हतं.” लोक गंभीरपणे मान हलवू लागले. काका म्हणाले, “वा.” तो पुढे बोलला, “आमची मावशी बी चांगली होती. मले तिनंच वाढवलं. भाजीत मीठ बम टाकायची. मी म्हणो, मावशे, कमी टाक, तर म्हणे, खाऊन पाह्य, आयुष्यभर ध्यानात राहीन. आता राहिलं न ध्यानात.” त्याचा आवाज फुटला. आमच्या बायांमधून हुंदके आले. आत्या मोठ्याने रडली. पप्पांनी डोळे पुसले. फुटलेल्या गटाच्या वक्त्यानेही पुसले. त्या दिवशी घाटावर जेवढे बोलले गेले त्यात लोकांना रडू आले ते एवढ्यानेच. “बस, एवढंच जी,” तो म्हणाला. “तिचं लाकूड रचून झालं असन आता. मले जाऊ द्या.”

“भाऊ,” काका छत्रीखालून म्हणाले, “वाचनालयाबद्दल दोन शब्द...”

“कोणतं वाचनालय?”

“आपण काटोलचे...”

“नाही जी. मी कळमन्याचा. संत्र्याच्या लिलावात असतो. तो तिकडचा ओटा आमचा.” त्याने बोट दाखवले. लिंबाखालून एक बाई त्याला हातवारे करून बोलवत होती. “तुमचे लोक हात धरून घेऊन आले, मले वाटलं तुमच्यात तशी पद्धत असन.”

मागून कोणीतरी फस्सकन हसला आणि त्याने ते खोकल्यात बुडवले. काकांनी छत्री मिटली. तो माणूस माईक कोणाला परत द्यायचा हे न कळून उभा होता, आणि मेश्राम सर हातातल्या चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहत होते. मी पुढे झाले आणि त्याच्या हातातून माईक घेतला.

“सर,” मी म्हणाले, आणि ते सगळ्या घाटावर ऐकू गेले, “दुसऱ्याच्या मयतीतल्या माणसाला तुम्ही बोलू दिलंत. आता या घरच्या बाईला बोलू द्या.”

“विशाखा!” पप्पा म्हणाले. “अग्नी होऊ दे आधी,” काका म्हणाले. पण मी मोठ्या आईजवळ पोचले होते. वाटेतच माझ्या डोक्यात तिचे भाषण तयार झाले होते. भिंतींना पाजलेले पाणी, घड्या घातलेली पत्रके, ‘स्त्रीचा घरावर हक्क’, सगळे. मला वाटले ती आता आग लावेल, चितेच्या आधी.

तिने माईक दोन्ही हातांनी धरला, ताकाची रवी धरावी तसा.

“जय भीम,” ती म्हणाली. “जलदान माह्या घरी होईन. हुडकेश्वरले. वाचनालयाचं मले कोणी विचारलं नाही. मी तिथंच राहून राहिली, तिथंच राहीन.” मी वाट बघत होते. तिने गर्दीवर नजर फिरवली. “आता पेटवा. लोकायले ऊन लागून राहिलं.”

आणि तिने माईक मेश्राम सरांना परत दिला. एवढेच. मी अक्षरशः तिचा दंड धरला आणि कुजबुजले, “अजून बोल ना!” ती म्हणाली, “काय?” मला सांगता आले नाही. काकांनी लगेच माईक घेतला. वहिनी दुःखात आहेत, आपण त्यांच्या भावनांचा आदर करू या, पण कुटुंबाचा निर्णय झालेला आहे, जलदान आमच्या हॉलमध्ये होईल. मग माईक पुन्हा सरांकडे गेला. मेश्राम सरांचा अनुभव दांडगा. त्यांनी दोन्हीकडे पाहिले आणि ओलसर आवाजात जाहीर केले की दिवंगतांच्या कार्याचा व्याप पाहता जलदान विधी एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन ठिकाणी संपन्न होईल. कोणी हसले नाही. खरे भाऊ काही आले नाहीत, पप्पांनी अग्नी दिला. घरी आल्यावर शेजाऱ्यांनी पाठवलेली चून-भाकर, म्हणजे पिठले-भाकरी, आम्ही खाल्ली. मी तर रागाने खाल्ली. मला काकांचा पराभव हवा होता, सगळ्या समाजासमोर, ठळक टाइपात. मिळाले काय, तर दोन पत्ते.

जलदानाच्या दिवशी बहुतेक लोक काकांकडे गेले. हॉल मोठा होता, मंडप होता, बुंदी होती. भन्तेजी आधी तिकडे गेले आणि मग घाम पुसत आमच्याकडे आले. आमच्याकडे आळीतली माणसे, मोठ्या बाबांची एक-दोन जुनी गिऱ्हाइके आणि मोठ्या आईच्या माहेरच्या बाया होत्या. मोठ्या आईने पाणी ओतले. वाटी भरली, वाहिली, ताटात पसरली, आणि तिने हात आखडला नाही. नंतर पप्पा आले. तिकडून जेवून आले होते, तरी इकडे पुन्हा बसले. आत्याही दोन्हीकडे जेवली आणि तिने दोन्ही घरच्या भाज्यांची तुलना मोकळेपणाने केली. आमची वांगी बरी होती.

संध्याकाळी काका आले. ऑटोतून उरलेल्या भाताची आणि बुंदीची दोन मोठी पातेली घेऊन. ते पुढच्या खोलीत उभे राहिले आणि भिंती डोळ्यांनी मोजू लागले. मला दिसत होते, ते रॅक लावत होते.

“वहिनी, सामान कधी हलवायचं?”

“कोणाचं?”

“तुमचं.”

“मी कुठं चालली?”

“मी सगळ्या समाजासमोर सांगितलं ना वहिनी. माईकवर.”

“मी बी सांगितलं,” मोठी आई म्हणाली.

हे काकांच्याच नियमातले होते. माईकवरून सांगितले ते सांगितले. ते खुर्चीत बसले, रुमालाने मान पुसली. मोठ्या आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला. मी दारात उभी राहून वाट बघत होते की आता ती काहीतरी सुनावेल. ती म्हणाली, “बुंदी आमच्याच्याने संपणार नाही. आमची भाजी बी उरली. घरी पोट्ट्यायले घेऊन जा.” आणि तिने आमची उरलेली वांगी एका डब्यात भरून त्यांना दिली. काका उठले. दारात चप्पल घालताना, जणू मोठी सवलत देत आहेत अशा आवाजात म्हणाले, “बरं वहिनी. मग काही दिवस राहा इथं.”

याला आता बरीच वर्षे झाली. मोठी आई हुडकेश्वरलाच राहते. मशीन तिने एका बिलबुकवाल्याला चालवायला दिले आहे आणि सकाळी तेच खटाक ऐकू येते. मी नागपूर सोडले, परत आले, लिहू लागले, लोकांशी भांडू लागले. वाचनालय काकांच्या हॉलमध्ये झाले. त्यावर मोठ्या बाबांचा फोटो आहे आणि आत पुस्तके कमी, खुर्च्या जास्त. पण काकांनी आपली सूचना कधी मागे घेतली नाही. गेल्या महिन्यात एका लग्नात आम्ही सगळे पंगतीला होतो. शेजारच्या टेबलावर कोणीतरी काकांना विचारले, “तुमच्या वहिनी कुठं असतात आता?” काका म्हणाले, “आमच्याकडंच असतात. सध्या हुडकेश्वरले आहेत, काही दिवस.”

माझा घास हातातच राहिला. मोठ्या आईनेही ऐकले होते. ती मठ्ठा पीत होती.

“तू काही बोलत काहून नाहीस त्यांना?” मी विचारले.

“सांगितलं ना एकदा,” ती म्हणाली आणि वाढप्याला आणखी मठ्ठा मागितला.

तिचे एकदा सांगून भागते. माझे भागत नाही. मी ताटावरून उठले, हात धुतले नाहीत, आणि काका बसले होते त्या टेबलाकडे निघाले.